इंचाला दहा टाके

सासुरवाडीला मुक्काम ठोकणाऱ्या जावयाबद्दल लोक काय बोलतात हे प्लंबरला पक्कं ठाऊक होतं; आजवर तोही तेच बोलत आला होता. पण आता नाइलाज होता. गच्चीवरची पाण्याची टाकी बघताना शिडी सरकली, नडगी दोन ठिकाणी मोडली आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. बायको दिवसभर इस्पितळात नर्सच्या ड्यूटीवर. सासूबाईंची खोली तळमजल्यावर होती आणि त्या दिवसभर घरी असायच्या. तेव्हा सात आठवड्यांसाठी जावईबापूंची पथारी तिथे पडली.

सासूबाई गिऱ्हाइकांच्या गोधड्या शिवायच्या, तीस वर्षं. गिऱ्हाईक वरचं कापड जोडून आणून द्यायचं; सासूबाई खाली अस्तर घालून, मध्ये कापसाचा थर पसरून तिन्ही थर हाताच्या टाक्यांनी एकजीव करायच्या. त्यासाठी खिडकीशी लाकडी चौकट होती. तिच्या दोन दांड्यांवर गोधडी दोन्हीकडून गुंडाळलेली, आणि समोर जेमतेम हातभर रुंदीचा पट्टा उघडा. तेवढा शिवून झाला की दांडा फिरवायचा आणि पुढचा पट्टा समोर घ्यायचा. चौकटीनं अर्धी खोली खाल्ली होती, उरलेली अर्धी आता जावयाच्या पलंगानं खाल्ली. सासूबाई त्या दोहोंच्या मधून तिरप्या होऊन चहा करायला जायच्या.

पहिले चार दिवस प्लंबरनं त्यांचा जीव खाल्ला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, अशातली गत. खिडकी अशी लावा, बादली तिथे ठेवा, मोरीचा नळ ठिबकतोय, त्याचा वायसर बदला, पाना माझ्या पिशवीत आहे, तो नव्हे, दुसरा. पलंगावर पडून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. पाचव्या दिवशी सासूबाईंनी सुई थांबवली.

"जावईबापू, तुमचं हाड मोडलंय, जीभ शाबूत आहे, हे मला कळलं. आता जरा गप्प बसता का?"

तो गप्प बसला. आणि दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे त्यांचे हात बघू लागला.

उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पितळेचं अंगुस्तान होतं, सुई ढकलायची टोपी. डावा हात गोधडीखाली, दिसायचाच नाही. सुई वरून आत जायची, लगेच वर यायची, पुन्हा आत, पुन्हा वर. चार टाके सुईवर गोळा झाले की एकदम दोरा ओढायचा. त्याला आधी वाटलं, यात काय एवढं? मग एका सकाळी चहाचा कप घेताना सासूबाईंचं डावं तर्जनीचं बोट त्याला दिसलं. टोकाची कातडी त्याच्या टाचेसारखी झाली होती.

"हे काय झालंय, आई?"

"सुई लागते."

"चुकून?"

"चुकून कशी? मुद्दाम लावून घ्यायची. टोक बोटाला टेकल्याशिवाय टाका अस्तरापर्यंत पोचला हे कळणार कसं? वरून थोडंच दिसतं?"

"प्रत्येक टाक्याला?"

"मग? एखाद्याला सोडून कसं चालेल?" सासूबाई म्हणाल्या आणि परत चौकटीशी गेल्या. प्लंबरचा चहा तसाच राहिला.

आता पाइप जोडणाऱ्या माणसाला एक खोड असते. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी जोड शोधतो, कारण गळायचं ते तिथेच गळतं. सासूबाई बाजारात गेल्या की तो कुबड्यांवर चौकटीशी जाऊ लागला आणि वाकून दोऱ्याचा जोड शोधू लागला. दोरा हातभरच घेतात, हे त्यानं पाहिलं होतं. म्हणजे दर हातभरानंतर एक गाठ असायलाच हवी. त्यानं चष्मा लावून बघितलं, डोळे मिटून बोट फिरवलं. गाठ सापडली नाही. पंधरा वर्षं धंदा करून त्यानं बिनजोडाचं काम पाहिलं नव्हतं, आणि इथे सासूबाई बटाटे विकत आणायला गेल्या होत्या.

शेवटी त्यानं विचारलं. त्यांनी करून दाखवलं. नवा दोरा ओवून त्याला बारीक गाठ मारली, सुई वरच्या कापडातून आत घातली आणि दोऱ्याला हलकासा झटका दिला. टक् असा इवलासा आवाज झाला आणि गाठ कापड ओलांडून कापसात जाऊन बसली.

"आणखी एकदा," प्लंबर म्हणाला.

सासूबाई हसल्या. "लहान मुलासारखं काय करता!" पण त्यांनी आणखी एकदा करून दाखवलं.

त्याच दिवशी पैशांची गोष्ट निघाली. ही गोधडी बेकरीवाल्या बाईंची होती. पाच रिळांची.

"पाच रिळांची म्हणजे?"

"म्हणजे पाच रिळं दोरा लागणार. आमच्यात भाव रिळावर असतो. एका रिळाचे पाचशे. गोधडी देताना रिकामी रिळं सोबत द्यायची, गिऱ्हाईक मोजून घेतं. मला शिकवलं त्या बाई असंच घ्यायच्या, त्यांना शिकवणाऱ्याही असंच. दोरा दिसतो ना डोळ्यांना, मग भांडण नाही." सासूबाईंनी दांडा फिरवला. "आणि ही शेवटचीच. पुढे नाही करणार."

"का?"

"हात मंदावला हो. आधी महिन्याला एक व्हायची, आता दीड महिना लागतो. वय झालं. खोलीचं भाडं काही माझं वय बघून थांबत नाही. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्रीला बाई पाहिजे, तासाला साठ देतात. उभं राहावं लागेल, पण पैसे ठरलेले. ही गोधडी दिली की त्यानंतरच्या सोमवारी त्यांना कळवायचंय."

हे त्या इतक्या साधेपणानं बोलल्या की प्लंबरला वाईट वाटायलाही वेळ लागला. वाटलं तेव्हा मात्र फार वाटलं. ज्या बाईची गाठ सापडत नाही ती उरलेलं आयुष्य लोकांच्या चादरींवर इस्त्री फिरवणार होती.

आता त्याच्या प्लास्टरबद्दल सांगायला हवं. पहिल्या दिवसापासून, त्याच दिवशी ही गोधडी चौकटीवर चढली होती, त्यानं त्यावर पेन्सिलीनं रेघा ओढायला सुरुवात केली होती. कुठल्याही कामाला किती तास लागतात ते मोजायची त्याची सवय; तासाला तीनशे घेणारा माणूस तो. सासूबाई चौकटीशी बसल्या की दर तासाला एक रेघ. बायको संध्याकाळी ड्यूटीवरून आली की म्हणायची, "कैद्यांसारखे दिवस काय मोजताय? माझ्या आईनं कोंडून ठेवलंय का?" तो म्हणायचा, वेळ जात नाही. ते खरंही होतं.

'हात मंदावला' हे ऐकल्यावर त्यानं पिशवीतली मोजायची पट्टी काढली. चौकटीतल्या गोधडीवर एक इंच धरून टाके मोजले. दहा. दुसऱ्या जागी मोजले. दहा. तिसऱ्या जागी, वळणावर, जिथे कुणाचाही हात चुकेल तिथे मोजले. दहा. मग त्याच्या अंगावर जी जुनी गोधडी होती ती त्यानं ओढून घेतली. ही सासूबाईंनी लेकीच्या जन्माच्या वेळी शिवलेली, शिकल्यानंतरच्या पहिल्या दोन-चारांतली. मोजली. इंचाला पाच.

मग त्यानं हिशेब केला, प्लास्टरवरच, गुडघ्याच्या वरच्या भागात. तेव्हा एका महिन्यात जेवढे टाके व्हायचे त्याच्या दुप्पट टाके आता दीड महिन्यात होत होते. म्हणजे हात मंदावला नव्हताच. हात तीस वर्षं पळत सुटला होता. फक्त टाके बारीक बारीक होत गेले आणि पळणं कुणाला दिसलं नाही. दोरा मात्र टाका बारीक असो की मोठा, जवळपास तेवढाच लागतो. म्हणून रिळं पाचच. हात जितका बसत गेला तितकी तासाची कमाई घसरत गेली. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई होत्या, त्यांच्या टाक्यात बोट अडकायचं. त्याही पाच रिळांचेच पैसे घ्यायच्या, आणि वीस दिवसांत मोकळ्या व्हायच्या.

"आई," तो म्हणाला, "तुमचं वय झालेलं नाही."

"तोंडावर स्तुती करून जावयाला जास्त साखर मिळत नाही."

त्यानं त्यांना जवळ बोलावलं आणि दोन्ही गोधड्यांवर पट्टी धरून दाखवली. सासूबाईंनी पाच मोजले. दहा मोजले. मग पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः तीन ठिकाणी मोजलं, कारण जावयाच्या बोलण्यावर त्यांचा कधीच फारसा विश्वास नव्हता. नंतर त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मला वाटायचं, बोटं आखडली," त्या म्हणाल्या. "पाच-सहा वर्षं वाटतंय. लेकीला बोलले नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते. प्लंबरनं खिडकीबाहेर बघितलं. काही वेळानं सासूबाई उठल्या आणि पुन्हा चौकटीशी जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा तासभर जास्त काम केलं आणि मध्येच एकदा त्या गुणगुणल्याही.

इथे शहाण्या माणसानं थांबावं. पण प्लंबर थांबला नाही. त्यानं ठरवलं, सासूबाईंना तासाचे पैसे लावायला शिकवायचं. त्यानं त्यांच्यापुढे एक घड्याळ ठेवलं, एक वही ठेवली. बसल्या की वेळ लिहायची, उठल्या की लिहायची. बस्स.

पहिल्या दिवशी संध्याकाळी वहीत तीन तास दहा मिनिटं होती. त्याच्या प्लास्टरवर त्या दिवसाच्या सहा रेघा होत्या.

"बाकीचे तीन तास कुठे गेले?"

"सुईत दोरा ओवत होते ते कसं धरायचं? खडूनं खुणा करत होते. एक ओळ उसवली. आणि बराच वेळ तर मी नुसती बघत बसले होते, आता कोपऱ्यात काय करावं म्हणून. बघत बसायचे पैसे कुणी देतं का?"

"आई! मी नळाकडे बघत उभा राहतो त्याचेच पैसे घेतो! पाना तर शेवटची दोन मिनिटं फिरवतो!"

"म्हणून तर तुमच्या धंद्याला लोक नावं ठेवतात," सासूबाई म्हणाल्या.

दुसरा दिवस त्याहून वाईट गेला. घड्याळाचा काटा समोर फिरताना दिसायचा, आणि सासूबाईंना वाटायचं, बेकरीवाल्या बाईंचे पैसे वाहून चाललेत. त्यांनी घाई केली. दुपारी प्लंबरनं सहज पट्टी लावली. इंचाला सात. त्यानं काही म्हणायच्या आत त्यांनीच बोट फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तो अख्खा पट्टा त्यांनी उसवला आणि उसवल्याची वेळ वहीत लिहिली नाही. मग घड्याळ आणि वही उचलून जावयाच्या पलंगावर ठेवली.

"हे तुमचं तुम्हाला लखलाभ. माझ्याच्यानं होणार नाही. मिनिटं मोजत माझा हात चालत नाही."

प्लंबरला चूक कळली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपल्याला जे येतं ते सगळ्यांना यायला पाहिजे असं नाही. त्यानं घड्याळ उशीखाली सरकवलं, तोंड मिटलं आणि प्लास्टरवरच्या रेघा गुपचूप चालू ठेवल्या. दोरा ओवलेला, खुणा केलेल्या, उसवलेलं, बघत बसलेलं, सगळं धरून. पोटरी भरली, मग मांडी भरली. सासूबाईंना वाटायचं, पोराला कंटाळा आला की रेघोट्या मारतो.

सातव्या आठवड्यात गोधडी चौकटीवरून उतरायला आली आणि प्लास्टरही उतरायला आलं. इस्पितळात करवतीनं ते कापल्यावर तिथल्या माणसानं दोन्ही फाकी कचऱ्यात टाकायला उचलल्या, तर हा गृहस्थ ओरडला, "अहो, ते माझं बिल आहे!" बायकोनं कपाळावर हात मारला. प्लास्टरच्या दोन फाकी बगलेत मारून, काठी टेकत टेकत तो घरी आला.

"आई, मोजा."

सासूबाईंनी रेघा मोजल्या. मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. दोनशे सोळा.

"दोनशे सोळा तास," प्लंबर म्हणाला. "आणि दीड लाख टाके. मी टाक्यांच्या ओळींची लांबी इंचांत काढली, तिला दहानं गुणलं. दीड लाखाच्या वरच आहेत."

दीड लाख! म्हणजे दीड लाख वेळा सुई त्या एका बोटाला येऊन विचारून गेली होती.

"तासाला साडेअकरा पडले तुम्हाला. साडेअकरा! साठ तरी सांगा. लाँड्रीवाला इस्त्रीचे देतो तेवढे."

"या गोधडीचे पाच रिळांचे ठरलेत. शब्द दिलाय. त्यात एक पैसा वाढणार नाही."

"ही राहू द्या. पुढची. बाई म्हणाल्या होत्या ना, चांगली झाली तर दुसऱ्या पलंगालाही करायची?"

"म्हणाल्या होत्या," सासूबाई म्हणाल्या. "लोक म्हणतात." मग प्लास्टरच्या फाकी भिंतीशी उभ्या करत, "बघते. विचारून बघते. नाही म्हणाल्या तर लाँड्री आहेच. पण बोलेन मीच. तुम्ही मध्ये तोंड उघडलंत, तर दुसरा पाय मी मोडीन."

शनिवारी दुपारी बेकरीवाल्या बाई येणार होत्या. सासूबाईंनी कडा दुमडून शिवल्या आणि नेहमीप्रमाणे गोधडीची घडी घालायला घेतली. प्लंबर म्हणाला, "जरा पसरून तर दाखवा."

"कुठे पसरू? जागा आहे का?"

"मागच्या अंगणात. वाळत घालायच्या दोरीवर."

"गिऱ्हाइकाची वस्तू आहे. अंगणात मिरवायला आपली का?"

"आई, तुम्ही आजवर गिऱ्हाइकाची एकही गोधडी पूर्ण उघडलेली बघितली नाहीये का?"

सासूबाईंनी आठवून पाहिलं. चौकटीत हातभर पट्टा. चौकटीवरून निघाली की मांडीवर घेऊन कडा. कडा झाल्या की घडी, पिशवी, गिऱ्हाईक. "नाही बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाच ते नवल वाटलं.

मग लेकीनं, त्या दिवशी तिला सुट्टी होती, दोरी दोनदा पुसून काढली. खाली धुतलेली चादर अंथरली. एका टोकाला लेक, एका टोकाला काठीवर भार टाकून जावई, अशी त्यांनी गोधडी दोरीवर चढवली आणि चिमटे लावले. मग दोघं बाजूला झाले.

ऊन तिरपं येत होतं. समोरून आलेलं ऊन टाके लपवतं. तिरप्या उन्हात प्रत्येक टाक्याची सावली पडते. कोपर टेकवून, हातात खडू धरून, सासूबाईंनी ओळीनं कमानी काढल्या होत्या, एकात एक, अर्ध्या अर्ध्या इंचावर. त्यांच्या स्वतःच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या मापाच्या. प्लंबरनं त्या सात आठवडे हातभर पट्ट्यात पाहिल्या होत्या. आता त्या सगळ्या एकदम दिसल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत लाटांवर लाटा चढत गेल्या होत्या, निळ्या-पांढऱ्या तुकड्यांवरून, आणि कापड नुसतं लटकत होतं तरी ते पुढे सरकतंय असं वाटत होतं. वारा आला तेव्हा तर त्यानं नकळत काठी घट्ट धरली. पाण्याची सगळी रूपं आपण पाहिली आहेत अशी त्याची समजूत होती. लेक तोंडावर हात ठेवून उभी होती. तिचं सगळं लहानपण त्या चौकटीखाली खेळण्यात गेलं होतं आणि वर काय चाललंय ते तिला आज दिसत होतं.

सासूबाई जवळ गेल्या, मागे आल्या. पुन्हा जवळ गेल्या. मग त्यांनी आपला उजवा हात कोपरातून वाकवून बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी होता.

"हे मी केलंय?" त्यांनी विचारलं, आणि त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

"हो, आई," लेक म्हणाली.

बेकरीवाल्या बाई त्याच वेळी फाटकातून आत आल्या. त्यांच्या बेकरीत पंधरा माणसं कामाला होती आणि त्या पंधराही जणांना त्यांचा धाक होता. पाव मोजताना त्या बोटंही हलवायच्या नाहीत, नुसत्या नजरेनं मोजायच्या. आता त्या फाटकाशीच थांबल्या. पिशवी खाली ठेवली. गोधडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेल्या, मागच्या बाजूनं परत आल्या, आणि अस्तरावरही तेच, तसंच, गाठीशिवाय, हे त्यांनी पाहिलं.

मग रीतीप्रमाणे सासूबाईंनी पाच रिकामी रिळं पुढे केली. बाईंनी मोजून घेतली आणि ठरलेले पैसे दिले.

"अशीच दुसरी हवी," बाई म्हणाल्या. "शेजारच्या पलंगाला. पाच रिळं धरायची ना?"

प्लंबरनं ओठ दाताखाली धरले. सासूबाईंची नजर अजून गोधडीवरच होती.

"आता रिळावर नाही करत मी," त्या म्हणाल्या. "तासावर करते. हिला दोनशे सोळा तास लागले."

"तासाला किती?"

साठ, प्लंबर मनातल्या मनात म्हणाला. साठ म्हणा, आई, साठ.

"ऐंशी," सासूबाई म्हणाल्या.

बायकोनं त्याचा दंड धरला. बेकरीवाल्या बाई वर बघत होत्या. हिशेबाला त्यांना कागद कधीच लागला नव्हता. सतरा हजारांच्या वर जात होते. ते त्यांनी केलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्यांनी दुसराही हिशेब केला. आत्ता जे दिले त्याला दोनशे सोळानं भागलं.

"अहो," त्या हळू म्हणाल्या, "माझ्याकडे झाडायला मुलगी येते, तिला मी पंचावन्न देते."

मग त्यांनी सासूबाईंकडे बघितलं.

"मला कधी बोलला नाहीत."

"मलाच ठाऊक नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "ही तर ठरल्याप्रमाणे झाली. तिचं काही नाही. पण पुढची ऐंशीनंच होईल. नको असेल तर नको म्हणा, मला राग नाही. मी सोमवारपासून लाँड्रीत जाईन." आकडा त्यांनी मागे घेतला नाही.

बेकरीवाल्या बाई दोरीशी गेल्या. एका कमानीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते टाक्याटाक्यानं, अगदी हळू, शेवटपर्यंत नेलं. घासाघीस करण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. प्लंबरनं एकदा त्यांच्या भट्टीमागचा पाइप बदलला होता तेव्हा त्याचे वीस टक्के उडाले होते. आता त्या वळल्या तेव्हा त्यानं मनातल्या मनात सासूबाईंची इस्त्री बघितली सुद्धा.

"सतरा हजार मला नाही परवडत," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? माझ्याकडे आठ आहेत. आठात तुमचे किती तास बसतात?"

"शंभर."

"मग शंभर तासांची करा."

"लहान होईल," सासूबाई म्हणाल्या. "पलंगाला नाही पुरायची. गुडघ्यांवर घ्यायला होईल फक्त."

"होऊ द्या लहान," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "टाके मोठे करू नका."